कणा झिजलाय

बाबांना झटका आला तेव्हा ते ट्रॅक्टरच्या मागे चालत होते. भाद्रपदाचे शेवटचे दिवस होते. पाऊस दोन दिवस उघडला होता आणि कलकत्त्याच्या कडेला बेहाल्यातल्या आमच्या नर्सरीत हिवाळी फुलांसाठी वाफे तयार करायची घाई सुरू झाली होती. मी त्या वेळी मुलींच्या एका शाळेत शिकवत असे, त्यामुळे मी तिथे नव्हते. पुढचं सगळं आमच्या माळीकाकांनी सांगितलेलं. ट्रॅक्टर ओल्या मातीत अडकला, इंजिन फिरत राहिलं पण चाकं हलेनात, जळक्या रबराचा वास आला. बाबा वाकून काहीतरी बघायला गेले आणि उजव्या अंगावर कलंडले. माळीकाकांना वाटलं पाय घसरला. हात द्यायला गेले तर बाबांचा हात त्यांच्या हातात नुसता लोंबत राहिला.

ट्रॅक्टर म्हटल्यावर मोठं धूड डोळ्यांसमोर येतं. आमचा तसा नव्हता. दोन चाकं, वर छोटं पेट्रोलचं इंजिन, आणि मागे नांगराला असतात तशा दोन लांब मुठी. माणसानं मुठी धरून त्याच्या मागून चालायचं. बाबा ज्या साहेबाच्या अलीपूरच्या बंगल्यात हेडमाळी होते, तो स्वातंत्र्यानंतर विलायतेला परत गेला आणि जाताना हे यंत्र बाबांना देऊन गेला. तेव्हाच ते जुनं होतं. बाबांनी ते हातगाडीवर घालून बेहाल्याला आणलं, भाड्यानं घेतलेल्या तीन बिघे जमिनीवर नर्सरी सुरू केली आणि ट्रॅक्टरला हात लावायचा हक्क फक्त स्वतःकडे ठेवला. माळीकाकांना मुठी धरता येत. यंत्र उघडायचं ते बाबांनीच.

बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातले. अठराव्या वर्षी पुण्यातल्या एका साहेबाच्या बागेत लागले आणि साहेबाची बदली झाली तसे त्याच्यामागून कलकत्त्याला आले. मी जन्मले तेव्हा त्यांना इथे येऊन दहा वर्षं झाली होती. बंगाली ते इतकं सहज बोलत की गिऱ्हाइकांना ते मराठी आहेत हे सांगावं लागे. इंग्रजी मोडकं, पण फुलझाडांची लॅटिन नावं तोंडपाठ.

हॉस्पिटलात पहिले चार दिवस ते काहीच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी सकाळी गेले तर नर्स म्हणाली, "तुमचे वडील काहीतरी बोलतायत, पण मला कळत नाही." मी जवळ जाऊन बंगालीतच विचारलं, "बाबा, काय हवंय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. परक्या माणसाकडे बघावं तसं नव्हे. मला ओळखत होते, पण मी काय म्हणाले ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. मग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून एक शब्द आला, "पानी." थोड्या वेळानं दुसरा, "न्हाई, दे."

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावलं. मेंदूचा जो भाग दुखावला आहे त्यात भाषा असते. असं कधी कधी होतं, म्हणाले, मागाहून शिकलेल्या भाषा पुसल्या जातात आणि लहानपणची तेवढी उरते. तीही थोडीथोडकी. बंगाली परत येईल का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी उलट बाबांची मातृभाषा कोणती ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाले, "मग आता तुम्ही सगळ्यांनी घरात तीच बोला."

त्यांना माहीत नव्हतं की ते माझ्याकडे काय मागत होते.

मी बारा वर्षांची असताना एकदा बाबांबरोबर ट्रॅमनं घरी येत होते. माझ्या वर्गातल्या दोन मुली त्याच डब्यात होत्या. बाबा मला मराठीत काहीतरी मोठ्यानं सांगत होते, बहुधा कलमं कशी बांधतात ते. मुली बघून हसल्या. मी बाबांना बंगालीत म्हटलं, "हळू बोला ना, सगळे बघतायत." ते गप्प झाले ते बेहाल्याला उतरेपर्यंत. त्यानंतर बाहेर ते माझ्याशी बंगालीतच बोलत. हळूहळू घरातही. मराठी उरली ती त्यांची आणि आईची. मला ती समजत असे, म्हणजे स्वयंपाकघरातली समजत असे. जेव, झोप, भाजी निवड, दार लाव. त्यापलीकडे माझी मराठी संपायची.

पंधरा दिवसांनी बाबांना घरी आणलं. उजवा हात आणि पाय निकामी होते. व्हरांड्यात खाट टाकली, तिथून वाफे दिसत आणि टोकाला पत्र्याची शेड, जिच्यात ट्रॅक्टर उभा होता. बाबा दिवसभर त्या शेडकडे बघत. आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. शब्द जोडायला त्यांना कष्ट पडत, घाम यायचा, पण ते जोडत, "कणा... झिजलाय. कणा झिजलाय."

आई म्हणाली, "पाठ दुखतेय गं त्यांची. पडून पडून हाडं धरली असतील."

मला कणा म्हणजे पाठीचा कणा एवढंच ठाऊक होतं, तेही शाळेत असताना आईनं "कणा ताठ ठेवून बस" म्हटल्यामुळे. मला वाटलं, बाबा आपल्या शरीराबद्दल बोलतायत. आपण आतून संपलो असं सांगतायत. मी आत जाऊन रडले. मग आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं आणि पाठीला कोमट मोहरीचं तेल चोळायला सुरुवात केली. बाबांनी डावा हात झटकला. "न्हाई. न्हाई." आई समजुतीनं म्हणाली, "अहो, बरं वाटेल. थोडं सोसा."

रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आठ दिवस मी बाबांच्या पाठीला तेल चोळलं. सुरुवातीला ते रागावत. सहाव्या-सातव्या दिवसापासून रागवायचे थांबले. भिंतीकडे तोंड करून पडून राहत आणि मी माझं काम करत असे. त्या गप्प राहण्याला मी आराम समजले.

दरम्यान पूजेची सुट्टी लागली. मला महिनाभर मोकळीक होती आणि नर्सरीचं सगळं आता माझ्यावर होतं. शेवंती, डालिया, पॅन्सी यांची रोपं लावायची तर जमीन आठवडाभरात मोकळी व्हायला हवी होती. माळीकाका कुदळीनं खणत होते, पण बेहाल्याची ती चिकण माती पावसानंतर विटेसारखी बसते. साठीचा माणूस दिवसभरात दीड वाफा करी आणि संध्याकाळी कंबर धरून बसे.

ते म्हणाले, "गाडी चालू झाली तर चार दिवसांचं काम आहे, दिदिमणी. पट्टा गेलाय बघ तिचा." बंगालमध्ये शिक्षिकेला दिदिमणी म्हणतात. मी शाळेत लागल्यापासून माळीकाकाही मला तसंच म्हणू लागले होते.

शेडमध्ये जाऊन मी पहिल्यांदाच त्या यंत्राच्या बाजूचं झाकण काढलं. इंजिनाला एक लहान पुली, खाली चाकांना फिरवणारी एक मोठी पुली, दोहोंवरून गेलेला रबरी पट्टा. आणि मध्ये तिसरी, मुठीएवढी पुली एका दांड्यावर, स्प्रिंगनं ओढलेली, पट्ट्यावर दाब देऊन त्याला ताणून धरणारी. सगळीकडे काळी भुकटी पडली होती. पट्टा एका जागी दोऱ्यावर आला होता. मला एवढं कळलं की पट्टा खराब आहे. तो काढला, पिशवीत घातला आणि जुन्या गाड्यांचे भाग विकतात त्या बाजारात जाऊन त्याच मापाचा नवा आणला. माळीकाका आणि मी मिळून तो चढवला. ट्रॅक्टर चालू झाला तेव्हा मी व्हरांड्याकडे बघितलं. बाबा डाव्या कोपरावर उठायचा प्रयत्न करत होते. मला वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवा पट्टा तुटला.

मी तो तुकडा हातात घेऊन व्हरांड्यात आले. बाबांना दाखवावा की नाही असा विचार करत होते, तोवर त्यांनीच बघितला. त्यांचा चेहरा लाल झाला. "पट्टा न्हाई!" ते ओरडले. आजारी पडल्यापासून एवढा मोठा आवाज त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. "पट्टा न्हाई! कणा! कणा, पोरी!" आणि उशाशी असलेला पाण्याचा पेला त्यांनी डाव्या हातानं भिरकावून दिला. तो व्हरांड्याच्या कठड्यावर आपटून खाली अंगणात पडला.

आई घाबरून बाहेर आली. "परत पाठ दुखायला लागली का?" म्हणाली आणि तेलाची वाटी आणायला वळली.

बाबांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मी तिथेच खाली बसले. त्या क्षणी मला पहिल्यांदा शंका आली की आम्ही आठ दिवस काहीतरी भलतंच करत होतो. पण काय, ते मला कळत नव्हतं, आणि विचारायला माझ्याकडे शब्द नव्हते. आईचं माहेर सातारा शहरातलं, वडील शाळामास्तर. ती मला म्हणाली, "अगं, लग्नानंतर मी त्यांना असं गावाकडचं बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. काही शब्द मलाही कळत नाहीत."

त्या संध्याकाळी मी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लेथच्या कारखान्यात गेले. तिथे एक मिस्त्री होते, पन्नाशीचे, पूर्व बंगालमधून आलेले. नारायणगंजला तागाच्या गठ्ठ्यांच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं पट्टे आणि पुल्या सांभाळल्या होत्या. दंग्यांनंतर ते सियालदह स्टेशनवर उतरले, तिथल्या फलाटावर बायकोसह दोन महिने राहिले, बायको तिथेच तापानं गेली. हे मला नंतर कळलं, तेही त्यांच्याकडून नाही. कारखान्यात ते कोणाशी बोलत नसत. मी तुटलेला पट्टा पुढे केला तसा त्यांनी तो हातात घेऊन उजेडात फिरवून बघितला.

"नवा होता?" त्यांनी विचारलं.

"कालच आणला."

"एकाच बाजूनं खाल्लाय." त्यांनी पट्ट्याची कड मला दाखवली. एक कड कोरी होती, दुसरी कुरतडल्यासारखी. "पट्ट्याचा दोष नाही हा. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. शेडकडे जायचं तर व्हरांड्यावरून जावं लागे. बाबांना बघून ते थांबले आणि हात जोडून म्हणाले, "नमस्कार, कर्ता." त्यांच्याकडे घरच्या वडीलधाऱ्याला असंच म्हणत. मी हळूच सांगितलं की बाबांना बंगाली कळत नाही आता. ते मान हलवून पुढे निघाले, तेवढ्यात बाबांची नजर त्यांच्या हाताकडे गेली. त्या हातात कॅलिपर होता, मापं घेण्याचा दोन पायांचा चिमटा. बाबांनी डावा हात वर केला. या, जवळ या.

मिस्त्री खाटेपाशी उकिडवे बसले. बाबांनी त्यांचा हात धरला, त्याची सैलसर मूठ वळवली, आणि त्या मुठीच्या पोकळीत आपलं बोट घातलं. मग बोट फिरवू लागले. नुसतं फिरवलं नाही, डुलवत फिरवलं, इकडून तिकडे, वेडंवाकडं. आणि मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत म्हणाले, "कणा. कणा झिजलाय."

मिस्त्रींना मराठीचा एक शब्द येत नव्हता. त्यांनी क्षणभर आपल्या मुठीकडे बघितलं आणि उठून तडक शेडमध्ये गेले. मी मागून धावले. त्यांनी झाकण काढलं, पट्ट्याला दाब देणारी ती लहान पुली दोन बोटांत धरली आणि हलवली. ती दांड्यावर सैल दातासारखी हलली.

"तुमच्या वडिलांनी सांगितलं ते हेच," ते म्हणाले. "ज्या खिळीवर ही फिरते ती झिजलीय, तिच्याभोवतीची धातूची नळी, बुश म्हणतात तो, झिजून लांबट झालाय. पुली वाकडी फिरते म्हणून पट्टा कडेनं खाल्ला जातो. दहा पट्टे आणलेत तरी दहा खाईल." मग त्यांनी मोठ्या पुलीच्या खाचेत बोट फिरवलं. "आणि ही बघा, तळाशी कशी चकाकतेय. पट्ट्यानं खाचेच्या दोन्ही भिंतींना धरायचं असतं, तळाला टेकायचं नसतं. टेकला की घसरतो. तुमच्या वडिलांना हे सगळं माहीत होतं, दिदिमणी."

मी व्हरांड्यात परत आले. बाबा माझ्याकडेच बघत होते. मी त्यांच्यासमोर मूठ वळवली, त्यात माझं बोट घातलं, आणि मला येत होती तेवढी मराठी गोळा करून विचारलं, "बाबा, कणा म्हणजे हे? चाक ज्याच्यावर फिरतं ते?"

"व्हय," ते म्हणाले. "चाकाचा कणा. मोटंचा." आणि त्यांनी इतका दीर्घ श्वास सोडला की आई आतून धावत आली.

मोट म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. विहिरीवर बैल लावून चामड्याच्या मोठ्या पिशवीनं पाणी ओढतात, वर लाकडी चाक असतं, त्यावरून दोर जातो. त्या चाकाच्या मधल्या दांड्याला त्यांच्या गावाकडे कणा म्हणत. बाबा लहानपणी मोट हाकत. पट्टा, पुली, बुश हे शब्द ते कलकत्त्यात शिकले होते. पट्टा कसाबसा राहिला होता, बुश आणि पुली निघून गेले होते. उरलं होतं ते विहिरीवरचं चाक, आणि त्याच्याच शब्दांत ते आठ-दहा दिवस आम्हाला नेमका दोष सांगत होते. आम्ही त्यांना तेल चोळत होतो.

मी त्यांची माफी मागायला हवी होती. मराठीत माफी कशी मागतात तेच मला आठवेना. बंगालीत म्हटलं असतं तर त्यांना कळलं नसतं. मी त्यांचा डावा हात हातात घेऊन बसून राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच तो सोडवून घेतला आणि शेडकडे बोट दाखवलं. जा, काम बघ.

दुरुस्तीला चार दिवस लागले. मी रोज कारखान्यात जाऊन उभी राहत असे. नाही म्हटलं तरी लोक बघत, पण मिस्त्रींनी मला एक स्टूल दिलं आणि काम सुरू ठेवलं. मोठी पुली बिडाची होती. ती लेथवर चढवून त्यांनी खाचेच्या दोन्ही भिंती साफ करून घेतल्या आणि तळ थोडा खोल केला. बीड कापलं की तार निघत नाही, काळी पूड पडते. त्यांचे हात मनगटापर्यंत काळे झाले होते. मग गनमेटल या पितळेसारख्या धातूचा तुकडा घेऊन त्याचा बुश केला, नवी खिळी केली. दर थोड्या वेळानं लेथ थांबवून ते कॅलिपर लावून बघत. शेवटी खिळी बुशात घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "फिरवून बघा." ती तेलाच्या पातळ थरावर फिरत होती. सैल नव्हती आणि अडतही नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "तुम्ही इथे कोणाशी बोलत का नाही?"

त्यांनी हात पुसले. "आमची बोली ऐकून इथली पोरं हसतात, दिदिमणी. नकला करतात. पहिल्या महिन्यात मी त्यांच्यासारखं बोलून बघितलं. मग वाटलं, गप्पच बरं." मग म्हणाले, "तुमचे कर्ता बोलत होते तेव्हा बरं वाटलं. मला काही कळलं नाही, पण ते आपल्या बोलीत बोलत होते एवढं कळलं."

मी मान खाली घातली. मला त्या ट्रॅममधल्या दोन मुली आठवल्या, आणि त्यांच्याहून जास्त मी स्वतः आठवले.

जोडणीच्या दिवशी बाबांना खुर्चीत बसवून शेडमध्ये नेलं. माळीकाकांनी आणि मिस्त्रींनी खुर्ची उचलली. आई नको नको म्हणत होती, पण बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. नवा बुश बसवला, पुल्या चढवल्या, सैल पडलेली स्प्रिंग बदलली. पट्टा घालण्याआधी मिस्त्रींनी खिशातून सुती दोरा काढला. तिन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते बघायचं होतं. दोऱ्याचं एक टोक इंजिनाच्या पुलीवर धरायला माणूस हवा होता. मी पुढे झाले तर बाबांनी डावा हात लांब केला. मिस्त्रींनी टोक त्यांच्या हातात दिलं आणि त्यांचं बोट पुलीच्या कडेवर ठेवलं. दुसरं टोक स्वतः मोठ्या पुलीच्या पलीकडे ताणून धरलं.

दोघेही एक डोळा मिटून बघत होते. दोरा मोठ्या पुलीच्या एका कडेला टेकत होता आणि दुसऱ्या कडेपासून अगदी थोडा सुटत होता.

"सुतात न्हाई," बाबा म्हणाले.

"सुताय नाइ," मिस्त्री त्यांच्या बोलीत जवळजवळ त्याच वेळी म्हणाले.

दोघांनी दचकून एकमेकांकडे बघितलं. बाबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसत होते. मिस्त्रीही हसले, आणि मी त्यांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला भाषांतर करावं लागलं नाही. मिस्त्रींनी पुली सैल करून केसभर आत ठोकली, पुन्हा दोरा धरला, बाबांनी पुन्हा डोळा मिटला. तीनदा असं झालं. चौथ्यांदा दोरा सगळीकडे टेकला आणि बाबा म्हणाले, "आलं."

दुसरा नवा पट्टा चढवल्यावर माळीकाकांनी दोरी ओढून इंजिन चालू केलं आणि ट्रॅक्टर वाफ्यात नेला. बाबा डोळे मिटून आवाज ऐकत होते. माती फाटू लागली तसा इंजिनाचा सूर जड झाला, पण पट्टा घसरला नाही. पहिली फेरी पूर्ण करून माळीकाका वळले तेव्हा बाबांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "वंगन. आठ दिसांनी." मी म्हटलं, "होय बाबा. दर आठ दिवसांनी घालीन." त्यांना कळलं का हे बघायला मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना कळलं होतं.

रोपं पाच-सहा दिवस उशिरा लागली, पण त्या हिवाळ्यात वाफे भरले.

त्यानंतर मिस्त्री दर रविवारी सकाळी येऊ लागले. ट्रॅक्टर बघून झाला की व्हरांड्यात बाबांच्या खाटेशेजारी बसत. बाबा त्यांच्या गावच्या मराठीत एखादं वाक्य बोलत. मिस्त्री त्यांच्या गावच्या बंगालीत काहीतरी सांगत, पुष्कळ सांगत, नदीबद्दल, तिथल्या घराबद्दल. ते बोलणं एकमेकांना उत्तर नसे. सुरुवातीला मी मध्ये बसून अर्थ सांगायचा प्रयत्न केला. एकदा मिस्त्री मला म्हणाले, "राहू द्या, दिदिमणी. तुमचं काम करा." मग मी उठून जात असे.

इतर दिवशी मी बाबांपाशी बसे. त्यांनी बोट दाखवावं, शब्द सांगावा, मी तो म्हणावा. मी चुकले की ते पुन्हा सांगत. आईकडून मी बाराखडी शिकले. मला चोविसावं वर्ष होतं आणि शाळेत मी मुलींना बंगाली व्याकरण शिकवत होते. बाबांची वाक्यं हळूहळू लांब झाली, माझीही. बंगाली त्यांना परत आली नाही. बंगालीत बोलणारी गिऱ्हाइकं आली की ते नुसती मान डोलवत, लोकांना वाटे म्हातारबाबा बहिरे आहेत.

दीड वर्षानं, फाल्गुनात, दुसरा झटका आला. या वेळी हॉस्पिटलात नेण्याइतका वेळ मिळाला नाही. सकाळी आई चहा घेऊन गेली तेव्हा सगळं झालेलं होतं. कलकत्त्यात आमचे नातेवाईक कोणी नव्हते. ओळखीच्या दोन मराठी कुटुंबांतले लोक आले, माळीकाका होते, आणि पुढच्या डाव्या बाजूला मिस्त्रींनी खांदा दिला. घाटावरून परतल्यावर ते आमच्या दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. आईनं त्यांना कडुलिंबाचं पान दिलं. ते तोंडात घालून ते म्हणाले, "रविवारी येतो." ते येत राहिले. पुढे त्यांना बजबजच्या बाजूला एका गिरणीत काम मिळालं आणि ते तिकडे राहायला गेले.

तेराव्यानंतर आई म्हणाली, "त्यांच्या थोरल्या भावाला पत्र लिहायला हवं. मी सांगते, तू लिही." आईला तेव्हा बसवत नव्हतं. मी पोस्टकार्ड घेतलं. तिनं मायना सांगितला, पुढचं म्हणाली, तूच लिही. काकांना मी कधी बघितलं नव्हतं. आयुष्यात मराठीत लिहिलेलं ते माझं पहिलं पत्र. बाबा कधी गेले, कसे गेले, त्यांना शेवटी त्रास झाला नाही, एवढं लिहायला मला सबंध दुपार लागली. ऱ्हस्वदीर्घ सगळं चुकलेलं असणार. खाली मी लिहिलं की शेवटची दीड वर्षं बाबा गावाकडचंच बोलत होते.

महिन्याभरानं काकांचं उत्तराचं कार्ड आलं. मोडीवळणाचं, दाट अक्षर. आमचं सांत्वन केलं होतं, सावकाशीनं एकदा गावी येऊन जा असं लिहिलं होतं. आणि शेवटी, की तुझा बाप लहानपणी फार बोलायचा, मोटेवर बसला की गप्प बसणं त्याला ठाऊक नव्हतं, तिकडे जाऊन तो मितभाषी झाला असं कोणी सांगितलं तेव्हा आम्हाला खरं वाटलं नव्हतं.

मी ते कार्ड आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी अडले. तिनं शब्द सांगितले, आणि मी पुढे वाचलं.